प्रोटॉन पंपाची अँटीबॉडी: बँड झकास, डेटाशीट बोगस

सहा महिने वापरतोय म्हणून आता लिहितो. वनस्पतीच्या पेशीपटलात प्रोटॉन बाहेर फेकणारा जो पंप असतो ना, एच प्लस एटीपेज, त्याची सशात बनवलेली पॉलिक्लोनल अँटीबॉडी (म्हणजे ते प्रोटीन ओळखून चिकटणाऱ्या अँटीबॉडींचं मिश्रण), कंपनीचं नाव नको. डेटाशीटवर ठळक अक्षरात 'एएचए२ स्पेसिफिक', म्हणजे फक्त एएचए२ लाच ओळखणारी, असं छापलंय आणि गोची तिथेच आहे. अरॅबिडॉप्सिसमध्ये (लॅबमधलं नेहमीचं छोटं रोप) या पंपाचे जीन्स ११, एएचए१ ते एएचए११, त्यातले पहिले दोन सगळ्यात जास्त चालतात आणि दोघांचे प्रोटीन म्हणजे अगदी जुळे भाऊ. मी एएचए२ बंद पडलेला म्युटंट लावला, म्हटलं वेस्टर्न ब्लॉटवरचा बँड, म्हणजे प्रोटीनची पट्टी, गायब होईल, कसला गायब, जरा फिका झाला एवढंच, कारण एएचए१ आहेच की तिथे! बरं दोन्ही बंद करून बघावं तर तेही नाही, डबल म्युटंटचा गर्भच जगत नाही.

पहिले दोन ब्लॉट तर कोरेच आले. डेटाशीटमध्ये ९५ डिग्रीला ५ मिनिटं म्हटलंय म्हणून मी सॅम्पल उकळलं, आणि नीट बघितलं तर लेनमध्ये काही नाही पण वर वेलच्या (सॅम्पल भरायच्या खाचेच्या) तोंडाशी काळा ढब्बा. डोक्याला हात लावला. हे प्रोटीन पटलातून १० वेळा आरपार जातं, उकळलं की त्याचा गोळा होतो, जेलमध्ये शिरणार कसं? मग ३७ डिग्रीला अर्धा तास ठेवलं आणि १०० किलोडाल्टनच्या आसपास काय सुंदर बँड आला, एकच, स्वच्छ. मायक्रोसोम (पेशीतल्या पटलांचे तुकडे) काढून लोड करा, पानाच्या कच्च्या अर्कात फारच पुसट दिसतो.

अजून एक, पंप चालू आहे का बंद हे हिला कळत नाही. फ्युसिकॉक्सिन (पंप चालूच ठेवणारं बुरशीचं विष) दिलेलं सॅम्पल आणि साधं सॅम्पल, बँड सारखाच. साहजिक आहे म्हणा, पंप चालू होतो तो शेपटीच्या टोकाकडून दुसऱ्या जागेवर जो थ्रिओनिन (अमिनो आम्ल) आहे त्यावर फॉस्फेट बसून तिथे १४-३-३ प्रोटीन चिकटलं की, प्रोटीनचं प्रमाण तेवढंच राहतं. ते बघायचं तर फॉस्फेट बसलेलं रूप ओळखणारी वेगळी अँटीबॉडी घ्या, नाहीतर व्हॅनाडेट (हा पंप बंद पाडणारं रसायन) घालून आणि न घालता एटीपेज अ‍ॅसे, म्हणजे पंप एटीपी किती तोडतो ते मोजायची चाचणी, करा.

भातावर पण चालली, हे मात्र मानलं. ५ पैकी साडेतीन. कंपनीला म्युटंटचा ब्लॉट पाठवलाय, 'स्पेसिफिक' शब्द अजून तिथेच आहे.