दहा चौकटींची लघवी-पट्टी: गोठ्यात किती कामाची?

लघवीत बुडवून चौकटींचा रंग बघायच्या शंभर पट्ट्यांची डबी नागपूरच्या गांधीबाग औषध बाजारात सहज मिळते. नाल्यालगत गोठा असेल, टँकर-ट्रक धुतलेलं काळं पाणी ढोरं पीत असतील, तर किडनीवर नजर ठेवायला ती घ्यावी का? घ्यावी, पण दहापैकी तीनच चौकटींसाठी: पीएच (आम्ल-अल्कलीचं माप), साखर, रक्त.

पाण्याबद्दलची शंका रास्तच आहे. आसाम-गुजरातकडे तेलविहिरीतून तेलासोबत वर येणारं खारं पाणी असो की आपल्याकडच्या वर्कशॉपचा निचरा, त्यात फिनॉल, बेंझिन, शिसं, कॅडमियम असे विषारी पदार्थ असू शकतात. कॅडमियम किडनीच्या बाहेरच्या थरात साठत जातं आणि मार बसतो तो तिथल्या बारीक नळ्यांना. नळ्या बिघडल्या की साखर लघवीत निसटते, लघवी दाट होत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) मात्र साधारण पाऊण किडनी जाईपर्यंत गप्पच बसतं.

सगळ्यात फसवी चौकट प्रथिनाची. गाईची लघवी मुळातच अल्कलीयुक्त, पीएच ८ च्या आसपास. त्या चौकटीचा रंग पीएचवरच चालतो, म्हणून धडधाकट गाईचीही पट्टी प्रथिन असल्यासारखी हिरवी पडते आणि माणूस उगाच घाबरतो. खात्री करायची तर प्रयोगशाळेत सल्फोसॅलिसिलिक आम्लाची चाचणी. रक्ताची चौकट रंगली तरी लगेच तेलावर खापर नको. गोचीड तापातही लघवी लाल होते. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून गाळ तळाशी बसवणाऱ्या यंत्रात) फिरवल्यावर लाली तळाशी बसली तर रक्तपेशी, वर तशीच राहिली तर फुटलेल्या पेशींचा रंग. साखर दिसली तर दुसऱ्या दिवशी, जनावर शांत असताना पुन्हा बघा. पकडापकडीच्या धसक्यानेही ती येते.

घनतेची चौकट जनावरांत निरुपयोगी. त्यासाठी हातातला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून घनता दाखवणारं यंत्र) घ्या, फळांच्या रसातली साखर मोजणारा ब्रिक्सवाला नको. डिस्टिल्ड पाण्यावर १.००० लावून मग दोन थेंब. सकाळी पाणी पाजण्याआधीची लघवी सलग दोन-तीन दिवस १.००८ ते १.०१२ मध्येच अडकली, म्हणजे दाट होत नसली, तर डॉक्टर गाठा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

नमुन्यासाठी योनीखाली हलक्या हाताने चोळत राहायचं; पहिली धार सोडून कोरड्या बाटलीत घ्यायची. पट्टी बुडवून लगेच काढा, कडेने निथळवा. साखर ३० सेकंदांनी वाचा. उशिरा वाचलेला रंग खोटा.

डबीवर ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. नागपूरच्या मे महिन्यात गोठ्याच्या कोनाड्यातली पट्टी वापरण्याआधीच खराब होते. घरात ठेवा, फ्रिजमध्ये नको, झाकण लगेच लावा.

पट्टीला पाचपैकी तीन गुण. पाण्याची तपासणी हिच्याने होत नाही. पाण्यातलं तेल तपासायचं तर प्रयोगशाळेला पाणी रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत द्या. प्लास्टिकला तेल चिकटून आकडा कमी येतो. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यातल्या तेलाची मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे, पण ती सोडण्याची, पाजण्याची नव्हे.