एकाच रेपोत फ्रंटएंड, बॅकएंड आणि डेटाबेस: कोड डॉकरच्या आत चालवायचा की बाहेर?

महापे किंवा वागळे इस्टेटमधली पाच जणांची टीम धरू. तिघांकडे ८ जीबीचे विंडोज लॅपटॉप, एकाकडे एम सीरिजचा मॅकबुक, एक उबंटूवाला. रेपो (गिटमधलं कोडचं सामाईक फोल्डर) एकच. ‘ॲप्स’ फोल्डरात ‘वेब’ (फ्रंटएंड: रिॲक्ट आणि व्हीट) आणि ‘एपीआय’ (बॅकएंड: नोड), दोघांना लागणारे टाइप्स ‘शेअर्ड’मध्ये, शिवाय पोस्टग्रेस हा डेटाबेस. रोजचं काम करताना हे सगळंच डॉकरच्या कंटेनरमध्ये (मशीनपासून वेगळ्या, सगळ्यांकडे सारख्या डब्यात) चालवायचं, की फक्त डेटाबेस आत ठेवून कोड थेट मशीनवर?

डेटाबेस कंटेनरमध्येच हवा, आणि प्रत्येकाच्या लॅपटॉपवर वेगळा. ऑफिसातल्या एका मशीनवर सगळ्यांचा मिळून एक डेटाबेस ठेवला, तर एकाने मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतला बदल) चालवलं की बाकीच्या चौघांचं काम अडतं. आणि जुलैत रुळांवर पाणी आलं की डोंबिवलीपासून पनवेलपर्यंत सगळे घरी, ते मशीन ऑफिसात.

सगळंच आत

फायदा उघड आहे. नवा माणूस आला की रेपो क्लोन करतो, ‘डॉकर कंपोझ अप’ (कंपोझ फाइलीतले कंटेनर एकदम सुरू करणारी आज्ञा) म्हणतो आणि कामाला लागतो. नोडची आवृत्ती, लिनक्सच्या लायब्ररी, सगळं सगळ्यांकडे सारखं. बॅकएंडचा एखादा भाग पायथनमध्ये असेल किंवा पीडीएफ बनवायला क्रोमियम लागत असेल, तर हाच मार्ग धरा.

किंमत विंडोजवाले मोजतात. डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आतलं लिनक्स, ज्यावर डॉकर चालतं) मशीनची निम्मी मेमरी घेऊ शकतं, म्हणजे ८ पैकी ४ जीबी. उरलेल्यात ब्राउझर आणि एडिटर कोंबायचे. त्यात रेपो सी ड्राइव्हवर असेल तर दुहेरी त्रास: फाइल वाचणं संथ होतं, आणि फाइल बदलल्याची खबर कंटेनरपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे हॉट रीलोड (फाइल बदलताच ॲप ताजं होणं) मुका. पोलिंग (फाइल बदलली का हे सतत तपासत राहणं) चालू करून हे झाकता येतं, पण पंखा ओरडायला लागतो. खरा इलाज म्हणजे रेपो डब्ल्यूएसएलच्या आतल्या होम फोल्डरात क्लोन करणं.

दुसरा सापळा ‘नोड मॉड्यूल्स’चा, म्हणजे इन्स्टॉल केलेल्या पॅकेजांच्या फोल्डराचा. प्रोजेक्टचं फोल्डर कंटेनरमध्ये माउंट केलं (जोडलं) की इमेजमध्ये (कंटेनर ज्यावरून बनतो त्या साच्यात) इन्स्टॉल झालेली मॉड्यूल्स झाकली जातात आणि लॅपटॉपवरची पुढे येतात. ती विंडोज किंवा मॅकसाठी बांधलेली असतात. बीक्रिप्टसारखं पॅकेज मग ‘इनव्हॅलिड ईएलएफ हेडर’ म्हणून कोसळतं. उपाय म्हणून त्या फोल्डरावर वेगळा अनामिक व्हॉल्यूम (डॉकरने सांभाळलेली, नाव न दिलेली साठवण) चढवतात. पण मग कुणी नवं पॅकेज टाकलं की बाकीच्यांचा व्हॉल्यूम जुनाच राहतो. तेव्हा ‘अप’ला बिल्डचा फ्लॅग आणि मोठ्या लिपीतला ‘व्ही’ द्यायचा. त्याने अनामिक व्हॉल्यूम नव्याने बनतात. ‘डाउन’ला छोट्या लिपीतला ‘व्ही’ दिलात तर डेटाबेसचा व्हॉल्यूमही पुसला जाईल. हे दोन ‘व्ही’ रीडमीत ठळक लिहून ठेवा.

फक्त डेटाबेस आत

वर सांगितलेलं बहुतेक सगळं इथे गळून पडतं. मेमरी कमी लागते, रीलोड लगेच, डीबगर सरळ जोडता येतो. बदल्यात नोडची आवृत्ती तुम्ही सांभाळायची: एनव्हीएमची (नोडच्या आवृत्त्या बदलणाऱ्या साधनाची) फाइल रेपोत ठेवा. विंडोजवर आधीच पोस्टग्रेस बसवलेलं असेल तर ५४३२ पोर्टवर टक्कर होते. ‘५४३३:५४३२’ असं जोडा. डावा आकडा लॅपटॉपचा, उजवा कंटेनरचा.

खरा धोका उशिरा कळतो: लॅपटॉपवर चालणारा कोड इमेजमध्ये बिल्डच होत नाही. म्हणून हा मार्ग घेतलात तर प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (कोड मुख्य शाखेत घ्यायच्या विनंतीवर) सीआयमध्ये (आपोआप होणाऱ्या तपासणीत) दोन्ही इमेज बिल्ड झाल्याच पाहिजेत. याला सूट नाही.

कुठलाही मार्ग घ्या, इथे ठेच लागतेच

पत्ते. कंटेनरच्या आत ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनरच; एपीआय आत असेल तर डेटाबेसचा पत्ता कंपोझ फाइलीतल्या सर्व्हिसच्या नावाने, पोर्ट ५४३२. पण ब्राउझर लॅपटॉपवर चालतो, त्याला ‘एपीआय’ हे सर्व्हिसचं नाव कळत नाही. फ्रंटएंडने नुसतं ‘/एपीआय’ मागावं आणि व्हीटच्या प्रॉक्सीने (मध्यस्थाने) ते पुढे पाठवावं. प्रॉडक्शनमध्ये तेच काम एनजिनएक्स हा वेब सर्व्हर करतो. व्हीट स्वतः कंटेनरमध्ये असेल तर त्याला ०.०.०.० वर ऐकायला सांगा, नाहीतर ५१७३ वर काहीच दिसणार नाही.

कंपोझ फाइलीत एपीआय डेटाबेसवर ‘डिपेंड्स ऑन’ एवढंच लिहिलं तर कंपोझ फक्त कंटेनर सुरू व्हायची वाट पाहतं, पोस्टग्रेस तयार व्हायची नाही. हेल्थचेक (डेटाबेस तयार आहे का ही तपासणी) लावा आणि ‘सर्व्हिस हेल्दी’ची अट घाला. पोस्टग्रेसचा पासवर्ड नंतर कंपोझमध्ये बदलून काही होत नाही. तो डेटा फोल्डर रिकामं असताना एकदाच वाचला जातो.

‘शेअर्ड’ फोल्डर असेल तर बिल्ड कॉन्टेक्स्ट (बिल्डला दिसणारं फोल्डर) रेपोचं मूळ फोल्डरच ठेवा, कारण डॉकरफाइल (इमेज बनवायची कृती) कॉन्टेक्स्टच्या बाहेरचं काहीच कॉपी करू शकत नाही. मग डॉकरइग्नोरही (बिल्डमधून वगळायच्या गोष्टींची यादी) मुळाशीच हवी आणि तिच्यात ‘नोड मॉड्यूल्स’ नि ‘गिट’ हवेतच, नाहीतर प्रत्येक बिल्डला ते ओझं डॉकरकडे जाऊ शकतं. आधी लॉकफाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) आणि पॅकेज फाइल्स कॉपी करून इन्स्टॉल, कोड त्यानंतर. उलटं केलंत तर एक ओळ बदलली तरी सगळं इन्स्टॉल पुन्हा.

आपल्या पाच जणांना दुसरा मार्ग, म्हणजे फक्त डेटाबेस आत, बरा. सगळ्यांकडे १६ जीबी आले, किंवा बॅकएंडमध्ये दुसरी भाषा शिरली, की पहिल्याकडे वळा. कंपोझ फाइलमध्ये वेब आणि एपीआयला आधीच वेगळं ‘प्रोफाइल’ (मागितलं तरच सुरू होणारा गट) देऊन ठेवलंत तर तो बदल एका फ्लॅगचा उरतो. मॅकवाल्याने मात्र सर्व्हरसाठीची इमेज स्वतःच्या मशीनवर बिल्ड करून ढकलू नये. त्याची इमेज एआरएमची (ॲपलच्या एम चिपच्या जातीची) निघते, आणि इंटेलच्या सर्व्हरवर ती ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देऊन थांबते.