शेवग्याच्या माहितीपत्रकाने मला कसं गंडवलं

पत्रकातला एकही आकडा खोटा नव्हता. सगळे एकाच झाडाचे नव्हते, एवढंच.

'कोणतीही जमीन चालते, पाणी नावापुरतं, पाला भरघोस, आणि तो आम्हीच उचलणार,' असं म्हणत विक्रेत्याने रोपं गळ्यात मारली. माझं रान खोलगट, चिबड. पहिल्याच झडीत पाणी तुंबलं आणि आठवड्यात पानं पिवळी पडली. एक रोप उपटून पाहिलं, तर मूळ काळंठिक्कर आणि साल बोटाबरोबर सुटून आली. शेवग्याला पाणी कमी पडलं तरी भागतं, पण मुळाशी साचलेलं सोसत नाही. रोपं विकून पोट भरणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, यावर माझा विश्वास नाही.

बांधालगतच्या चढावरची झाडं तगली. त्यांचा पाला छाटून मी ताडपत्रीवर भर उन्हात वाळवला. सावलीत वाळवायचा असतो, हे सांगायला कोण होतं? हिरवा पाला खाकी झाला. खरेदीच्या वेळी उत्तर मिळालं, 'सत्त्व कमी भरतंय.' करारात 'प्रतीनुसार खरेदी' असं लिहिलेलं. प्रत कोणती, ते कुठेच नाही.

मग पत्रकातला सत्त्वांचा तक्ता नीट वाचला (सही करण्याआधी वाचायला हवा होता, कबूल). प्रथिनं 100 ग्रॅममागे 27 ग्रॅम, हा वाळलेल्या पाल्याचा आकडा. ओल्यात त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतकीच भरतात. क जीवनसत्त्व मात्र ओल्या पाल्याचं दिलेलं, जे वाळवताना बरंचसं उडून जातं. उत्पन्नाचं वजनही ओल्याचंच, तेही दाट लागवड करून, पाणी आणि नत्र सढळ देऊन काढलेलं. आणि पाल्यातली क्वेर्सेटिनसारखी, औषधी मानली जाणारी द्रव्यं? ती बऱ्याचदा भरपूर ऊन आणि पाण्याचा थोडा ताण मिळालेल्या झाडात वाढतात. त्या झाडाचा पाला कमी निघतो. एका रानाचं वजन, दुसऱ्या रानाचं सत्त्व, आणि फोटो तिसऱ्याच झाडाचा. प्रयोगशाळेच्या अहवालाच्या झेरॉक्सवर ना नमुन्याचा क्रमांक, ना तारीख.

तोच माणूस परवा तेच पत्रक घेऊन शेजाऱ्याकडे आला. मी शेजाऱ्याला एकच प्रश्न विचारायला लावला: हे वजन ओल्याचं की वाळलेल्याचं?

'दोन्हीचं,' तो म्हणाला.