जुन्या जळगावातली शेवभाजी: दुपारी जा, रात्री नको

या खाणावळीची पाटी पुसट झालीय, मेनूकार्ड नाही, भाव फळ्यावर खडूनं लिहिलेले. शेवभाजी, पाटोडी (रश्शातल्या बेसनाच्या वड्या), ज्वारीची नि कळण्याची भाकरी आणि थंडीत भरीत, एवढंच मिळतं. पनीर मागू नका, उत्तर मिळत नाही.

शेवभाजीचं सगळं काम मसाल्यात असतं, आणि तो इथे अजून नीट भाजतात. कांदा अख्खा, सालासकट निखाऱ्यावर. सुकं खोबरं वेगळं. दोन्ही एकदम भाजायला घेतले की कांदा आतून कच्चा राहतो आणि खोबरं जळतं. मग रस्सा कडू होतो, वरून कितीही तेल ओता. वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं आणि पाणी उकळतंच घालायचं. बहुतेक धाबेवाले घाईत गार पाणी ओततात, म्हणून त्यांच्याकडे तर्री वर येत नाही आणि मग ती वेगळी करून वर सोडावी लागते. इथली तर्री रश्शातूनच आलेली असते. नको असेल तर ‘भाऊ, तर्री कमी’ म्हणा.

शेव जाड, ओवा घातलेली, तिखट. वाडग्यात आधी शेव आणि वरून उकळता रस्सा, तोही टेबलावरच. बाहेरून मऊ, आत जराशी करकरीत असते तेवढ्यात खायची. सोडा जास्त पडलेल्या शेवेचा लगेच लगदा होतो. इथली बराच वेळ तग धरते. पार्सल घेताना मात्र शेव वेगळी बांधायला सांगा. सांगितलं नाही तर पोरगा सगळं एकाच पिशवीत भरतो आणि घरी पिठलं पोचतं.

पाटोडी ठीकठाक. वड्या जाड थापतात, रस्सा आत शिरत नाही.

कळण्याची भाकरी चुकवू नका. ज्वारी चार भाग, अख्खे उडीद एक भाग, मीठ दळतानाच. उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी थापताना तुटत नाही, पण प्रमाण वाढलं तर गार झाल्यावर वातड होते. त्यामुळे एकेक गरम मागवा, चार एकदम नको.

भरीत फक्त थंडीत घ्या. आसोदा-बामणोदकडची ती मोठी हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी. जळगावच्या भरीताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. बिया कमी, गर भरपूर. कपाशीच्या वाळलेल्या काटक्यांवर भाजतात, हिरवी मिरची-लसणाबरोबर लाकडी भांड्यात ठेचतात, मग कांद्याची पात, शेंगदाणे नि कोथिंबीर घालून फोडणी. मिक्सरनं गराला पाणी सुटतं, म्हणून तो इथे वर्ज्य. उन्हाळ्यातही फळ्यावर ‘भरीत’ दिसतं, पण ते जांभळ्या वांग्याचं, गॅसवर भाजलेलं असतं. धुराचा वास नाही, चवही नाही. त्याचे पैसे वाचवा.

रात्री नऊनंतरचा रस्सा पाणी घालून लांबवलेला असतो, रंगावरून कळतं. साडेबारा ते दोन ही वेळ बरी. चारचाकी गल्लीत घालू नका, समोरून भाजीची गाडी आली की मागे घेता येत नाही.