स्टिकर आठव्या पिढीचं, लॅपटॉप सहाव्या पिढीचा

मी काही अगदीच न वाचता गेले नव्हते, हे आधी सांगते. लेक बी.कॉम.ला गेली, बजेट २० हजार. तेवढ्यात नवा लॅपटॉप घ्यायचा तर सेलेरॉन हा इंटेलचा साधा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि साठवणीला ६४ जीबीची ईएमएमसी. ती बोर्डालाच जोडलेली, पुढे बदलता येत नाही. त्यापेक्षा ऑफिसांतून निघालेला, आय-फाइव्ह प्रोसेसरचा जुना लॅपटॉप बरा, असं भाच्याचं मत. ते चुकीचं नव्हतंच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेल प्रोसेसरची साधारण आठवी पिढी तरी लागते, एवढं पाठ करून पुण्यातल्या तपकीर गल्लीत गेले.

दुकानदाराने एक काळा, जडसा लॅपटॉप काउंटरवर ठेवला. "मॅडम, आय-फाइव्ह, एट्थ जेन, आठ जीबी, एसएसडी. विंडोज ओरिजिनल." चालू केला तर खरंच विंडोज ११. मी मनात हिशेब मांडला: ११ चालतंय म्हणजे आठवी पिढी असणारच. झालं! १८,५०० मोजले आणि पिवळी चिठ्ठी घेऊन घरी आले.

दोन महिन्यांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी पुसट अक्षरं उमटली. भाचा आला होता, त्याने टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्समध्ये लिहिलेलं: आय-फाइव्ह ६३००यू, कोअर २.

"आत्या, हा सहाव्या पिढीचा आहे. आठव्यातला ८२५०यू असता तर चार कोअर दिसले असते."

"मग ११ कसं चालतंय?"

तर म्हणे, प्रोसेसरची तपासणी विंडोज इन्स्टॉल करताना होते, आणि ती वगळणारा पेनड्राइव्ह पाच-दहा मिनिटांत तयार होतो. लॅपटॉप चालतो, पण दरवर्षीचं मोठं अपडेट आपोआप येत नाही.

मग मी लॅपटॉपवरचं आठव्या पिढीचं स्टिकर नीट पाहिलं. हात टेकतो तिथला रंग घासून चकचकीत झालेला, आणि शेजारचं स्टिकर मात्र कोरं करकरीत. नखाने काढलं तर खाली जुन्या स्टिकरचा चिकट ठसा, आकाराने मोठा.

दुकानदार शांतपणे म्हणाला, "वरून माल असाच येतो." चिठ्ठीवर फक्त 'लॅपटॉप (वापरलेला)' आणि रक्कम. मॉडेल नाही, सिरीयल नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करते म्हटलं, तर हसला. तासभर वाद घालून २,००० परत मिळाले.

तुम्ही जाल तेव्हा दुकानातच कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये आय-फाइव्हच्या पुढचा आकडा वाचा. चार आकडी असेल तर पहिला अंक ती पिढी, पण १ ने सुरू होत असेल किंवा १०२१०यू सारखा पाच आकडी असेल तर पहिले दोन. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनही बघा. स्टिकरकडे बघूच नका.

त्या लॅपटॉपवर भाच्याने विंडोज काढून लिनक्स मिंट ही दुसरी, फुकट प्रणाली टाकली. खरं सांगते, झकास चालतो. सासूबाई त्यावर कीर्तनं ऐकतात. पण लेकीला हिशेबाचं टॅली हवं, त्याला विंडोज लागतं, म्हणून दुसरा घ्यावाच लागला. या वेळच्या दुकानदाराने पक्क्या बिलाचे, सिरीयल नंबरासकट, दीड हजार जास्त सांगितले. मी घासाघीस केली नाही.