जुन्या पितळी कड्या: बेळगावातलं भंगारवजा दुकान

ड्रॉवरच्या व्हिक्टोरियन कड्या हव्यात तर खडेबाजाराच्या बाजूचं हे दुकान बघाच, पण खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटला तर लोखंडावर नुसतं पितळेचं पाणी. मागे पत्त्यातल्या चौकटसारखा ब्रिटिश डिझाइन-नोंदणीचा शिक्का असेल तर ते डिझाइन १८४२ ते १८८३ मधलं. तो नग सोडू नका. बोल्टांतलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. ३ इंची कडी म्हणजे ७६ मिमी, आजच्या ९६ मिमी अंतरावरच्या भोकांत ती बसत नाही. इंची बोल्टावर मेट्रिक नट रेटलात तर आटे गेलेच!

दुकानदार अ‍ॅसिडात बुडवून चकचकीत करून देतो, तेवढं मात्र नको म्हणा. जस्त निघून पितळ गुलाबी पडतं. चिंच-मीठ पुरे, मग लगेच धुऊन कोरडं करा. सहा सारख्या कड्या मिळणं मुश्कील.