अर्जुनसालीचा क्षीरपाक : पावसाळा ते थंडी, रोजच्या वापरानंतर

मन अस्वस्थ असताना होणारी धडधड आणि झोपेआधीची बेचैनी यांवर अर्जुनाच्या क्षीरपाकाचा, म्हणजे साल घालून आटवलेल्या दुधाचा, उपयोग जाणवतो, पण फार सावकाश. पहिले काही आठवडे तुरट दूध प्यायल्यापलीकडे काही कळत नाही. ब्लड प्रेशरच्या आकड्यांत डोळ्यांत भरेल असा फरक पडला नाही. त्या आशेवर डॉक्टरांची गोळी सोडणाऱ्यांनी हे वाचून पुढे जाऊच नये.

साल घेताना गोव्यात एक अडचण हमखास येते. आपला राज्यवृक्ष माट्टी, म्हणजे ऐन, हा अर्जुनाचा सख्खा भाऊ. दोघेही टर्मिनेलिया कुळीचे. सत्तरी-सांग्याच्या रानात माट्टी भरपूर, म्हणून 'गावठी अर्जुन' म्हणून तिचीच साल हातात पडू शकते. तुकडे असतील तर ओळखायला सोपे आहे. माट्टीची साल काळपट, सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली असते. अर्जुनाची बाहेरून गुळगुळीत, राखाडी-पांढरी, पातळ पापुद्रे सुटणारी आणि आतून गुलाबी-तांबूस असते. दळल्यावर मात्र दोन्ही तांबूस पूडच. म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घ्या नाहीतर काष्ठौषधीच्या दुकानातून, पूड नको, तुकडेच मागा.

घरी आणल्यावर तुकडे कुटून जाडसर भरड करायची, रव्याहून जाड. मैद्यासारखे चूर्ण दुधात वापरले की ते तळाला बसते, करपते आणि गाळताना फडक्यातून खाली उतरते. शेवटचे दोन घोट चिखल लागतात. बहुतेक जण इथेच कंटाळून सोडून देतात.

प्रमाण जुनेच धरावे : औषधाच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी. म्हणजे ५ ग्रॅम भरड, ४० मिली दूध, १६० मिली पाणी, आणि आटवून फक्त ४० मिली उरवायचे. अर्धा कप दूध, अर्धा कप पाणी, एक उकळी, अशी सोपी कृती सगळीकडे फिरते. त्यात साल भिजून वर यायच्या आतच गॅस बंद होतो. पाणी जास्त लागते ते सालीतला अर्क उतरायला वेळ मिळावा म्हणून. मंद आचेवर अर्धा तास सहज लागतो. टोप छोटा, उभट आणि स्टीलचा घ्यावा. पसरट भांड्यात ४० मिली म्हणजे तळाला नुसता ओलावा, तो क्षणात जळतो. लोखंडी भांडे तर नकोच, सालीतल्या टॅनिनमुळे, म्हणजे तुरट द्रव्यामुळे, सगळे काळे पडते. किती आटले हे कळण्यासाठी आधी टोपात ४० मिली पाणी ओतून लाकडी चमचा उभा धरायचा आणि ओल आली तिथे खूण करून ठेवायची.

दूध फाटण्याची कारणे दोन. एक, दूध सकाळपासून बाहेर राहिलेले. इथल्या उकाड्यात ते वरून ठीक दिसले तरी सालीबरोबर उकळताना दगा देते. दुसरे, हाताशी आहे म्हणून उकळतानाच टाकलेला माडाचा गूळ. गोड हवेच असेल तर गाळून कोमट झाल्यावर खडीसाखर घालावी. दुधाऐवजी नारळाचा रस घेऊन पाहणाऱ्यांना एवढेच सांगणे की इतका वेळ उकळला तर तो फुटतो आणि तेल वर येते. दूध पचत नसेल त्यांच्यासाठी परंपरेत वेगळी सोय आहेच : सालीचे चूर्ण तुपातून किंवा गुळाच्या पाण्यातून. इथे बारीक चूर्ण चालते.

गंमत म्हणजे चरकाच्या हृद्य गणात, म्हणजे हृदयाला हितकर औषधांच्या गटात, अर्जुन नाही. तिथे आंबा, आंबाडा, डाळिंब, महाळुंग अशी आंबट फळे आहेत, त्यांतच वृक्षाम्ल, म्हणजे आपले भिरंड (कोकम). अर्जुन तिथे उदर्दप्रशमन गणात, अंगावर उठणाऱ्या गांधींसाठी. हृद्रोगात अर्जुनसिद्ध दूध ठळकपणे सांगितले ते अकराव्या शतकातल्या 'चक्रदत्त' या आयुर्वेदग्रंथाने. सोलकढी पिऊन हृदय सुधारते असा अर्थ मात्र यातून काढू नये.

त्रास म्हणाल तर बद्धकोष्ठ. तुरट रस मळ बांधतो. रात्री भिजवलेल्या मनुका किंवा जेवणात भाजी वाढवली की भागते. नाही भागले तर ५ वरून ३ ग्रॅमवर यावे, दूध-पाणी त्याच हिशेबाने कमी करून. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत निदान दोन तास ठेवावेत, कारण टॅनिन लोह शोषू देत नाही. रक्त पातळ करणारी, प्रेशरची किंवा हृदयाच्या ठोक्यांची औषधे घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. आणि छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ असे काही झाले तर टोप चुलीवर ठेवू नका, १०८ ला फोन करा.

पावसाळ्यात सालीला बुरशी धरते, विशेषतः प्लास्टिकच्या पिशवीत. मे महिन्यातच उन्हात खडखडीत वाळवून काचेच्या बरणीत भरावी आणि भरड एका वेळी पंधरवड्यापुरतीच करावी. कुबट वास आला तर सरळ फेकावी, उकळल्याने ती साल चांगली होत नाही.

रोजचा अर्धा तास ज्यांना परवडत नाही ते अर्जुनारिष्टाकडे वळतात. १५-२० मिली, तितक्याच पाण्यातून, जेवणानंतर; चवीला क्षीरपाकापेक्षा कितीतरी बरे. पण त्यात गूळ, मनुका आणि मोहाची फुले आंबवलेली असतात, शिवाय आपोआप तयार झालेले मद्यार्क. मधुमेह किंवा यकृताचा विकार असेल, किंवा दारू सोडलेली असेल, तर ती बाटली नको; त्यांनी चूर्ण कोमट पाण्यातून घ्यावे आणि तोंड वाकडे करावे.